इल्लीशी पेज

शनिवारी सकाळी मांडीवर स्टीलचा डबा घेऊन मी फोंड्याला बसमध्ये बसले की शेजारची बाई हमखास विचारते, "कोण ॲडमिट आहे?" कोणी नाही म्हटलं तर तिला पटत नाही. डबा गरम, झाकणाच्या कडेनं उकड्या तांदळाच्या पेजेचा वास सुटलेला, आणि मी पणजीला उतरून पुढे बांबोळीच्या सरकारी इस्पितळाकडची बस धरणार. घरचं कोणी इस्पितळात असल्याशिवाय हा सरंजाम कोण करतं? मग मी "वडील" म्हणून मोकळी होते. ते अगदीच खोटं नाही. वीस-बावीस वर्षं उशिराचं आहे, एवढंच.

पेज खरं तर विद्यार्थ्यांसाठी असते. मी नर्सिंग शिकवते. गेली तीन वर्षं वेगवेगळ्या कॉलेजांतले आम्ही पाच-सहा शिक्षक मिळून वर्षाला तीन शनिवार एक वर्ग घेतो. एमबीबीएसची मुलं, नर्सिंगच्या मुली (मुलगेही आहेत आता, पण अजून बोटांवर मोजण्याइतके), फार्मसी, फिजिओथेरपी, डेंटल, समाजकार्य आणि शिरोड्याहून येणारी आयुर्वेदाची एक-दोन. विषय एकच: जो रोगी आता बरा होणार नाही, त्याचं शेवटचं सगळं कसं सांभाळायचं. परिपत्रकात याला भलंमोठं नाव आहे. मुलं 'मरणाचा वर्ग' म्हणतात. मलाही तेच बरं वाटतं.

या वर्गाची तारीख ठरवणं हेच मोठं काम. एकाचं पोस्टिंग संपतं तेव्हा दुसऱ्याची प्रॅक्टिकल लागतात, ती आटोपली की चवथ, म्हणजे गणपती येतात. आणि चवथीच्या आधी आठ दिवस व नंतर आठ दिवस कोणाशी कामाचं बोलू नये, हा गोव्याचा अलिखित कायदा आहे. नाताळचंही तेच. वेगवेगळ्या शाखांचं एकत्र शिक्षण का रुजत नाही यावर जगभर शोधनिबंध लिहिले जातात. माझ्या मते निम्मं कारण वेळापत्रक.

पहिल्या वर्षी मुलं आपापल्या कोटांत आणि गणवेशांत आली. एमबीबीएसवाली पुढे, पंख्याखाली. माझ्या मुली मागच्या दोन बाकांवर, पाठ ताठ. एका मेडिकलच्या मुलानं प्रश्न विचारायला तोंड उघडलं, तर त्यातली एक चक्क उठून उभी राहिली. तो तिसऱ्या वर्षाचा, ती तिसऱ्या वर्षाची. तिला कोणी उभी राहा म्हणून शिकवलं नव्हतं. राऊंड येतो तेव्हा सिस्टर उभ्या राहतात, हे तिनं पाहिलेलं होतं. पुढच्या वर्षापासून कोट आणि ॲप्रन दाराबाहेर खुंटीला, छातीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर फक्त पहिलं नाव. तरी पहिला अर्धा तास सगळ्यांचे डोळे कोण कुठला तेच शोधत असतात.

हे सगळं माझ्या डोक्यात कुठून आलं, ते सांगायला 2003 च्या आषाढात जावं लागेल.

वडिलांना स्वादुपिंडाचा कॅन्सर होता, यकृतात पसरलेला. आमचं घर डिचोली तालुक्यात, आणि वडील गोव्यातल्याच एका इस्पितळात, खिडकीजवळच्या खाटेवर. आई त्यांच्यापाशी मुक्कामाला. मी दुसऱ्या एका ठिकाणी स्टाफ नर्स होते. ड्यूटी संपली की जायचे, रात्री निघायचे. शेवटच्या त्या दिवसांत त्यांच्या खाटेपाशी किती जण येऊन गेले! सकाळी राऊंडला डॉक्टर, मागे सात-आठ जणांचा घोळका. पाऊण मिनिट थांबायचे आणि "कंटिन्यू सेम" म्हणून पुढे. आहारतज्ज्ञ बाईंनी भरपूर प्रथिनांचा तक्ता दिला होता, तो लॉकरच्या वर भिंतीला चिकटवलेला. फिजिओथेरपीच्या मुलानं सांगितलं, बसवत जा, नाहीतर छाती भरेल. सिस्टरनी सांगितलं, हलवू नका, दमतात. आणि खाटेच्या डोक्याशी पाटी: 'एनबीएम'. तोंडावाटे काही द्यायचं नाही. ती पाटी एका तपासणीसाठी लावलेली होती. तपासणी रद्द झाली, पाटी राहिली. हे मला कळलं ते सगळं आटोपल्यावर, कागद चाळताना.

भाऊ सकाळच्या बसनं घरून पेज आणायचा. दहाची पेज आणि खारातलं तोर (मिठाच्या पाण्यात मुरवलेली कैरी) याशिवाय वडिलांचा दिवस कधी सुरू झाला नव्हता. आई वाटी हातात धरून दिसेल त्याला विचारायची, "इल्लीशी पेज दिवं?" थोडीशी पेज देऊ का. डॉक्टरांनी सिस्टरकडे बोट दाखवलं, सिस्टरनी पाटीकडे. मग तिनं मला विचारलं. मी स्वतः नर्स. मी पाटी वाचली आणि म्हटलं, "नको आई, ठसका लागेल." तिनं वाटी लॉकरवर ठेवली. संध्याकाळपर्यंत तिच्यावर जाड पापुद्रा धरला होता. वर तो प्रथिनांचा तक्ता, खाली ही वाटी. मी निघायच्या वेळी वॉर्डातली आया आली आणि काही न विचारता वाटी उचलून घेऊन गेली.

तिसऱ्या दिवशी पहाटे वडील गेले.

कैक वर्षं मी त्या इस्पितळावर रागावून होते. शिकवायला लागल्यावर तो राग हळूहळू तिथून उठून माझ्यापाशी येऊन बसला, आणि मग त्याचं काय करावं ते कळेना. कारण चुकलं कोण? प्रत्येकानं आपल्या पुस्तकाप्रमाणेच सांगितलं होतं. खूप उशिरा मला एक गोष्ट दिसली. प्रत्येक शाखा आपल्या मुलांना खाटेपाशी काय करायचं ते शिकवते, आणि त्याबरोबर, न सांगता, खाटेपासून उठायचं कधी तेही शिकवते. डॉक्टर उठतो 'आता करण्यासारखं काही नाही' या वाक्यावर. फिजिओ उठतो, रोग्याला व्यायाम झेपेनासा झाला की. फार्मसिस्ट खिडकीच्या पलीकडे, तो बसतच नाही. आम्ही उठतो ड्यूटी बदलताना, पुढच्या सिस्टरला तीन वाक्यांत रोगी सोपवून. सगळे आपापल्या वेळेवर उठतात, आणि खाटेपाशी एक बाई वाटी धरून उभी राहते. हे स्वतःच्या वर्गात बसून कोणाला दिसायचं नाही, कारण तिथे सगळे एकाच वेळी उठणारे असतात. टीमवर्क हा शब्द मी वापरत नाही. तो मुलाखतीत सांगायचा शब्द आहे.

म्हणून वर्गाची सुरुवात त्याच प्रश्नानं होते. फळ्यावर रोग्याची चार ओळींत हकिगत आणि खाली: 'बायको विचारते, थोडी पेज देऊ का?' प्रत्येक गटात सगळ्या शाखांचं एकेक माणूस. वीस मिनिटं. गटाचं उत्तर एकच हवं.

मेडिकलवाला लगेच म्हणतो, अन्न श्वासनलिकेत जाईल, नको. नर्सिंगची म्हणते, जागा असेल तर अर्धा चमचा देऊन बघू. फिजिओवाला उशा रचून दाखवतो, पाठ किती वर, हनुवटी छातीकडे, मान मागे टाकायची नाही. आयुर्वेदाची मुलगी म्हणते, दाट पेज कशाला, वरचं नुसतं पाणी द्या, मंड. आमच्याकडे पथ्याची चढती भाजणी तिथूनच सुरू होते. समाजकार्याचा मुलगा विचारतो, ही पेज नक्की कोणाला हवी आहे, त्याला की तिला? यावर दहा मिनिटं जुंपते. मी मध्ये पडत नाही.

पहिल्या वर्षीच्या एका गटात डेंटलच्या मुलाला बाकीच्यांनी विचारलंच होतं, तू कसा काय इथे? तो बिचारा वही उघडून गप्प बसलेला. शेवटी म्हणाला, "त्याचं तोंड उघडून कोणी बघितलं का?"

कोणीच काही बोललं नाही. मग त्यानं सांगितलं. असे रोगी तोंडानं श्वास घेतात, लाळ सुकते, औषधांनी आणखी सुकते. प्रतिकारशक्ती गेलेली, त्यामुळे जिभेवर नि टाळ्याला बुरशीचा पांढरा थर चढतो. कवळी असेल तर तिच्याखाली जास्तच. गिळताना आग होते, म्हणून माणूस तोंड मिटून घेतो, आणि घरचे म्हणतात, अन्नावरची वासना उडाली. बुरशीचं औषध आणि दिवसातून चार-सहा वेळा ओल्या बोळ्यानं तोंड पुसणं, इतक्यानंही पुष्कळदा आराम पडतो.

माझ्या वडिलांना कवळी होती. वरची आणि खालची, दोन्ही. त्या दिवसांत ती त्यांच्या तोंडात होती की काढून ठेवली होती, हे मी आठवून आठवून थकले. मी, त्यांची मुलगी, नर्स.

प्रश्नाचं उत्तर पुस्तकात आहेच. शेवटच्या दिवसांत शरीर अन्न मागत नाही. माणूस उपाशी राहिल्यामुळे मरत नसतो, मरू लागल्यामुळे त्याची भूक गेलेली असते. बळेबळे भरवलं तर ते छातीत जातं. पण तो जागा असेल, गिळत असेल, त्याला हवं असेल, तर चवीपुरतं द्यायला हरकत नाही. तेही जमत नसेल तर ओठ तरी ओले ठेवावेत. यातलं अवघड काय? अवघड एवढंच, की हे त्या बाईला कोणीतरी टेकून बसून सांगायला हवं, आणि सांगणारा कोणीही असो, डॉक्टर नाहीतर फिजिओचा पोरगा, उत्तर तेच यायला हवं.

मग डबा उघडतो. जोड्या करायच्या. एकानं बाकावर आडवं व्हायचं, दुसऱ्यानं भरवायचं. पडलेल्यानं बोलायचं नाही, हात वापरायचा नाही. पाच मिनिटं. आधी खिदळणं होतं. एकदा एका उंचापुऱ्या मेडिकलच्या मुलाला फार्मसीची मुलगी भरवत होती, काठोकाठ चमचा, भरभर. तिसऱ्या चमच्याला त्यानं ओठ मिटले. तिनं चमचा ओठांना टेकवून ठेवला आणि म्हणाली, "आ कर ना." पेज त्याच्या हनुवटीवरून गळ्यात, गळ्यातून कॉलरमध्ये. उठून बसला तेव्हा हसावं की चिडावं त्याला कळत नव्हतं. मला म्हणाला, "मॅडम, चमचा फार लवकर येतो."

दुसरा शनिवार दुखण्याचा. माझ्या मुलींच्या मनात एक भीती असते, ती त्या आमच्यासमोर बोलत नाहीत. मॉर्फिन मी दिलं आणि तासाभरानं रोगी गेला, तर तो माझ्या हातून गेला का? डॉक्टर लिहितो, देते ती नर्स. एकीनं ही भीती बोलून दाखवली ती फार्मसीच्या मुलीला, चहाच्या सुट्टीत, पायरीवर बसून. मग दोघींनी आत येऊन फळा घेतला. तोंडावाटे द्यायचं साधं मॉर्फिन दर चार तासांनी, घड्याळ बघून, दुखण्याची वाट न बघता. सुरुवात लहान मात्रेनं, मग हळूहळू चढवत. आणि पहिल्या दिवसापासून सोबत पोट साफ होण्याचं औषध, कारण गुंगी काही दिवसांत ओसरते पण बद्धकोष्ठ हटत नाही. बेतानं वाढवलेल्या मॉर्फिननं माणूस जात नाही, रोगानं जातो. माझं हेच व्याख्यान मुली दरवर्षी उतरवून घेतात आणि भीती तशीच ठेवतात. पायरीवरचं पटलं.

त्याच दिवशी फार्मसीचा एक मुलगा कायद्यात शिरला. 1985 चा अमली पदार्थांचा कायदा इतका कडक, की मॉर्फिन ठेवायचं तर परवान्यांची चळत लागायची. इस्पितळांनी ते ठेवणंच सोडून दिलं. 2014 साली कायदा दुरुस्त झाला, वाट सोपी झाली, पण मधल्या काळात ज्यांनी ते कधी हाताळलंच नाही तेच आता शिकवणारे. औषधासाठी अफू पिकवून जगाला विकणारा आपला देश, आणि आपलीच माणसं कण्हत गेली. हे तो मुलगा म्हणाला नाही, मी म्हणतेय.

तिसऱ्या शनिवारी बोलणं. वाईट बातमी सांगायची सहा पायऱ्यांची एक पद्धत 2000 सालापासून चालत आलेली आहे. तिची इंग्रजी आद्याक्षरं सगळे पाठ करून येतात. मी म्हणते, आता आपापल्या घरच्या भाषेत सांगा. तिथं गाडी अडते. मुलं शिकतात इंग्रजीत, रोगी बोलतो कोकणीत, पेपर वाचतो मराठीत, वास्कोकडचा असेल तर कन्नड किंवा हिंदी. 'पुअर प्रॉग्नोसिस', म्हणजे बरं होण्याची आशा फारशी नाही, याचं मुलं करतात 'सिरीयस आहे'. आता सिरीयस म्हणजे सलाईनपासून सरणापर्यंत काहीही. दुसरं ठरलेलं वाक्य, 'घरी घेऊन जा'. यातून काय समजायचं ते नातेवाइकांनी समजायचं. सत्तरी तालुक्यातली एक नर्सिंगची मुलगी पुढे आली. समोर रोग्याची मुलगी म्हणून बसलेली मेडिकलची विद्यार्थिनी. हिनं खुर्ची ओढली, बसली, आणि म्हणाली, "ते आतां बरे जावचे नात. पूण हांव हांगाच आसां." ते आता बरे होणार नाहीत, पण मी इथंच आहे. समोरचीला पुढचा संवाद आठवेना. वर्ग तिथंच संपवला.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2010 साली वेगवेगळ्या शाखांच्या एकत्र शिक्षणाची व्याख्या केली, ती मराठीत तीन शब्दयोगी अव्ययांत बसते: एकमेकांविषयी, एकमेकांकडून, एकमेकांबरोबर शिकणं. बरोबर बसवणं सोपं, हॉल मिळाला की झालं. विषयी शिकवणं त्याहून सोपं, तक्ता करायचा. सगळं घोडं 'कडून'पाशी अडतं. हॉस्पिस म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रोग्यांना शेवटपर्यंत सांभाळणारी जागा. आधुनिक हॉस्पिसची सुरुवात करणारी लंडनची सिसिली सॉन्डर्स. ती आधी नर्स झाली, युद्धाच्या काळात. पाठीनं दगा दिला, तेव्हा इस्पितळातली समाजसेविका झाली. मरणाऱ्यांच्या दुखण्यासाठी काहीतरी करायचं म्हणून धडपडत होती, तर एका सर्जननं सुचवलं, डॉक्टर हो, नाहीतर तुझं कोणी ऐकायचं नाही. 1957 मध्ये, पस्तिशी उलटल्यावर, ती डॉक्टर झाली आणि 1967 मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडलं. शरीराचं, मनाचं, घरादाराचं आणि देवाधर्माचं दुखणं वेगवेगळं काढता येत नाही, हे तिनं मांडलं. तिला तिन्ही खुर्च्यांवर बसून पाहता आलं होतं. आमच्याकडे एका माणसामागे एवढी वर्षं नाहीत, म्हणून तीन मुलं शेजारी बसवायची. पण ही गोष्ट सांगताना मला दरवेळी त्या सर्जनचा सल्ला टोचतो. कारण तो बरोबर होता.

गोव्याला हे सगळं परकंही नाही. मडगावच्या जुन्या सरकारी इस्पितळाला सासष्टीतले लोक अजून हॉस्पिसियोच म्हणतात. हॉस्पिस त्याच शब्दाचं भावंड. शांती अवेदना सदन हे 1986 मध्ये मुंबईत सुरू झालेलं देशातलं पहिलं हॉस्पिस. त्याची शाखा आपल्या लोटलीत आहे. वर्गातल्या बहुतेकांनी नाव ऐकलेलं नसतं. लिव्हिंग विलचंही तसंच, म्हणजे बरं होण्याची आशा नसेल तेव्हा नुसतं यंत्रांवर जगवू नका, असं आधीच लिहून ठेवलेल्या कागदाचं. सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये मान्यता दिली, 2023 मध्ये पद्धत सोपी केली, आता नोटरीसमोरही चालतं. 2024 मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं करून ठेवलं, पेपरात छापून आलं. घराच्या एका भिंतीसाठी नोटरीकडे वर्षानुवर्षं खेटे घालणारे आपण, या कागदासाठी कोण उठतो? मीही अजून केलेलं नाही.

वर्गानं काय साधलं विचाराल तर मला नीट सांगता येत नाही. गुण नाहीत, म्हणून काही मुलं जेवणानंतर गायब होतात. त्यात मेडिकलची जास्त, हेही लिहून ठेवते. आमच्याकडे आलेला एक मुलगा पुढे इंटर्न झाला, तो भेटला होता. म्हणाला, वॉर्डात गेलं की सगळे पुन्हा आपापल्या रांगेत उभे राहतात, मीसुद्धा. मग जरा थांबून म्हणाला, पण पाट्या वाचतो, कधी लावल्या ते विचारतो.

डब्यातली पेज आई करते. आई आता माझ्याकडे फोंड्याला असते, ऐंशीला टेकली. वॉर्डातल्या रोग्यांना नेते, असं मी तिला सांगून ठेवलेलं. यंदाच्या शेवटच्या शनिवारी घरी आले, ती ओट्यापाशी डबा घासायला उभी राहिली, आणि काय झालं कोण जाणे, मी तिला सगळं सांगून टाकलं. वर्ग, फळ्यावरचा प्रश्न, ती पाटी, ती न झालेली तपासणी. म्हटलं, "आई, इल्लीशी दिली असतीस तर चाललं असतं गो. मीच नको म्हटलं."

आई घासत राहिली. मग म्हणाली, "दिली की."

"कधी?"

"तू गेल्यावर. ती आया होती ना, हिरव्या बांगड्यांची. वाटी घेऊन गेली ती पाणी घालून गरम करून घेऊन आली. म्हणाली, बाय, आधी कवळी काढ. मान तिनं धरली, मी दिली. अर्धा अर्धा चमचा, त्यांनी गिळला की दुसरा. चार घेतले. पाचव्याला तोंड मिटलं, तर म्हणाली, पुरे."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू नर्स. रागावली असतीस."

तिनं डबा विसळला, उलटा करून झटकला.

"मीठ थोडं कमी पडलं होतं त्या दिवशी," म्हणाली, आणि डबा पालथा घातला.